कामाशिवाय मुंबई

मी आजवर जितक्या वेळा मुंबईला गेलो, तितक्या वेळा कोणीतरी आजारी तरी होतं, बोहल्यावर तरी चढत होतं, नाहीतर वारलं तरी होतं. चौलचा माणूस आणखी कोणत्या कारणाने मुंबईला जातो, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी मुंबई ही बघायची जागा नाही, उरकायची जागा आहे. सकाळच्या बोटीने जायचं, हॉस्पिटलात नाहीतर कार्यालयात तोंड दाखवायचं, उभ्याउभ्या एक वडापाव खायचा आणि शेवटची बोट चुकू नये म्हणून दिवसभर घड्याळ बघत राहायचं. त्यामुळे आमची मृणाली एका सकाळी चहा गाळता गाळता, "अहो, मला एकदा कामाशिवाय मुंबईला जायचंय," असं म्हणाली, तेव्हा मी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मृणाली बोर्ली पंचतनची. तिच्या माहेरी मुंबई दिसायची ती फक्त एसटीच्या पाटीवर. लग्न होऊन ती इकडे आली, त्या वर्षीच्या थंडीत मी तिला संध्याकाळी रेवदंड्याच्या वाळूवर नेलं आणि उत्तरेला आभाळाच्या कडेशी दिसणारा पिवळट उजेड दाखवला. "ती मुंबई," म्हटलं. नव्या नवऱ्याने बायकोला काहीतरी दाखवायचं असतं आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढे दिवे लावून माणसं काय करत असतील हो तिथे?" मी तिला हवेतल्या धूलिकणांवरून प्रकाश कसा विखुरतो ते सविस्तर समजावून सांगितलं. भूगोलाच्या शिक्षकाशी लग्न केलं की हे व्हायचंच.

तेव्हापासून तिचा तो प्रश्न तसाच होता. आता आमची लेक प्राप्ती पुण्याला नोकरीला लागली, वाडीतल्या सुपाऱ्याही उतरवून झाल्या, तेव्हा तो वर आला. तिचं म्हणणं साधं होतं. काही घ्यायचं नसताना दुकानांतून हिंडायचं. जे खायचं त्याचं नाव आपल्याला धड घेता येऊ नये. समुद्र दिसेल अशा उंच गच्चीवर बसायचं, आणि दिवे लागले की हात मोकळे सोडून, उगाच, रस्त्याने चालायचं. यातल्या 'उगाच' या शब्दावर तिचा फार जोर होता. प्राप्तीने तर मी चष्मा शोधेपर्यंत फोनवरच एका हॉटेलातली खोली आणि दुसऱ्या एका हॉटेलाच्या गच्चीवरचं सूर्यास्ताच्या वेळचं टेबल ठरवूनही टाकलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी रजेचा अर्ज केला.

आमच्या मुख्याध्यापिका प्राची मॅडम अतिशय सज्जन बाई आहेत. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि दार लोटून घेतलं. "सर, कारण म्हणून तुम्ही 'मुंबई पाहणे' असं लिहिलंय."

"हो."

"हे कारण नाही होत. वैद्यकीय लिहा."

"पण मी ठणठणीत आहे."

"मग लग्न लिहा."

"कोणाचं?"

"सर, उद्या वरून कोणी विचारलं तर मी काय सांगू? धडधाकट माणूस उगाच मुंबईला गेला म्हणून?" त्यांना माझी खरंच काळजी वाटत होती. शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. शाळेला मोठा पृथ्वीगोल आणायचाच होता. जुन्या गोलावर रशियाच्या जागी अजून सोव्हिएत संघ होता आणि ग्रीनलंड मुलांनी बोटं लावून लावून नाहीसं केलं होतं. तेव्हा मी शाळेच्या कामावर मुंबईला जाऊन फोर्टातल्या दुकानातून पृथ्वी घेऊन यावं, असं ठरलं. मी मान डोलावली. मृणालीच्या 'उगाच'मध्ये पहिलं काम शिरलं ते असं.

पण दाराबाहेर उभ्या असलेल्या कोणीतरी फक्त 'वैद्यकीय' हा एकच शब्द ऐकला होता. संध्याकाळी घरी येतो तो अंगणात रेवदंड्याच्या कोळीणबाई वेणूबाई टोपली उतरवून बसलेल्या. माझ्याकडे त्या अशा नजरेने बघत होत्या, जशा नजरेने त्या मासळीकडे कधी बघत नाहीत. "गुरुजी, हाडं दिसाया लागली व्हय तुमची," म्हणाल्या. "कुठं दुखतंय? मुंबयला नेतात म्हंजी सादं न्हाय ते." मी परोपरीने सांगितलं की मला काही झालेलं नाही. त्यांनी मृणालीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाजारात ज्यासाठी भांडण होतं ते पापलेट नुसतंच ठेवून गेल्या. मी ते खाल्लं, पण माझा अपमान झाला हे मी नोंदवून ठेवतो.

रात्री जेवणं व्हायच्या आधी शेजारचे तात्या आले. तात्यांची वाडी आमच्या वाडीला लागून. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. माणूस भला, पण थोडा चमत्कारिक. संध्याकाळी सगळा गाव वाळूवर सूर्यास्ताकडे तोंड करून बसतो, तात्या उत्तरेकडे तोंड करून बसतात. मी त्यांना एकदा मावळती नेमकी कुठे असते ते समजावूनही दिलं होतं. त्यावर ते "बरं" म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

"जीवन, माझ्यापासून लपवू नकोस," तात्या म्हणाले. "कुठल्या डॉक्टरला दाखवायचंय?"

"तात्या, आम्ही फिरायला चाललोय."

"फिरायला माणूस पालीला जातो. बल्लाळेश्वराचं दर्शन तरी होतं. मुंबईत काय काम?"

"काम नाही. तेच तर."

तात्या अडकित्त्याने सुपारी कातरू लागले. "मी बघ, गोदूचा मुलगा एवढा 'या, या' म्हणतो, पण गेलो नाही. माझं काय काम मुंबईत?" गोदू म्हणजे त्यांची धाकटी बहीण, गिरगावात दिलेली. "बरं, उतरणार कुठे?"

"हॉटेलात," मृणाली म्हणाली.

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "गोदू असताना? हॉटेलात?" त्यांचा आवाज असा लागला की आम्ही धर्मशाळेत भीक मागायला निघालो आहोत असं मलाच वाटू लागलं. "तिच्या कानावर गेलं तर ती अन्न सोडेल. गोदूकडेच उतरायचं. मी फोन करतो." मी मृणालीकडे बघितलं. ती पदराच्या टोकाला पीळ देत होती. तिला त्या हॉटेलातल्या खोलीची खिडकी हवी होती, प्राप्तीने तिचा फोटो पाठवला होता. मी तात्यांना म्हटलं, "बरं." भ्याडपणाला आमच्याकडे शेजारधर्म म्हणतात.

आणि जाताना तात्यांनी डबा आणून ठेवला. तो डबा सगळ्या आळीला ठाऊक आहे. स्टीलचा, कडीचा, झाकणावर पोचा आलेला. गावातून कोणीही मुंबईला निघालं की तात्या त्यात कडवे वाल नाहीतर आमसुलं भरून तो गोदूआत्यांकडे पाठवतात. परत येताना गोदूआत्या त्यात चकल्या, वड्या, काहीतरी भरून पाठवतात. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काहीच नसलं तर निदान मूठभर साखर घालतात. रिकामा डबा परत येणं म्हणजे संबंध संपला असं समजायचं. तात्यांच्या डब्याने आमच्या आळीत सगळ्यांत जास्त मुंबई पाहिलेली आहे.

तात्यांचा डबा घेतला म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार? वेणूबाईंनी कुलाब्याच्या लेकीसाठी सुकट आणि बोंबलांची पिशवी दिली. "वाटंवरच हाय, गुरुजी." आमच्या नारळ पाडणाऱ्या हिरामणने क्रॉफर्ड मार्केटातल्या मेहुण्यासाठी पांढऱ्या कांद्याच्या माळा दिल्या, वेणीसारख्या विणलेल्या. तेही वाटेवरच. मुंबईतली सगळी ठिकाणं चौलहून वाटेवरच असतात, हे इतकी वर्षं भूगोल शिकवूनही मला माहीत नव्हतं. गोदूआत्यांना मोकळ्या हातांनी कसं भेटायचं म्हणून मग आमचे स्वतःचे नारळ. निघताना मृणालीने तो सगळा पसारा बघितला आणि म्हणाली, "सकाळी सकाळी सगळं देऊन टाकू. मग दुपारपासून हात मोकळे."

यात आमची एक चूक झाली. आम्ही दिलेल्या वस्तू मोजल्या. डबा रिकामा परत येत नाही हे विसरलो.

बोटीतून उतरून आम्ही आधी कुलाबा गाठलं. वेणूबाईंच्या लेकीने बोंबील छातीशी धरले, आम्हाला बळेच जेवायला बसवलं आणि निघताना तीच पिशवी परत आणून दिली. आत मिक्सर. "आयेचा बिघडला होता, इथून करून घेतलाय. तेवढा न्याल ना, गुरुजी?" बोंबील गेले, वास राहिला आणि वर मिक्सरचं वजन आलं. क्रॉफर्ड मार्केटात हिरामणच्या मेहुण्याचा गाळा बंद होता, तो सासुरवाडीच्या कुणाच्या तरी हळदीला चौलकडेच गेला होता. म्हणजे कांदे ज्याच्यासाठी आणले तो आमच्याच बोटीच्या उलट बोटीत होता. फोर्टातून पृथ्वी घेतली. पृथ्वी खोक्यात मावली, पण ते खोकं पिशवीत, काखेत, डोक्यावर, कुठेच मावेना. शेवटी मी कांद्याच्या माळा गळ्यात घातल्या आणि पृथ्वी दोन्ही हातांत घेतली.

अशा अवस्थेत आम्ही मॉलमध्ये गेलो. दाराशी रखवालदाराने विचारलं, "इसमें क्या है?"

"पृथ्वी," मी म्हटलं.

त्याने साहेबाला बोलावलं. साहेबाने खोकं उघडून आफ्रिका दाबून बघितली. मग वेणूबाईंच्या पिशवीला नाक लावलं आणि घाईघाईने आम्हाला आत सोडलं.

आत मात्र मृणाली बदलली. तो थंडगार झगमगाट, ते सरकते जिने. ती जिन्यावर पाय ठेवताना लहान मुलीसारखी हसली. एका काउंटरवरच्या पोरीने तिच्या मनगटावर अत्तर फवारलं, तेव्हा ती मनगट अंगापासून लांब धरून चालायला लागली, वास सांडू नये म्हणून. एका दुकानात तिला एक ओढणी आवडली. जांभळी, पाण्यासारखी. तिने ती खांद्यावर टाकून आरशात पाहिलं आणि मला विचारलं, "कशी दिसते?" मी पृथ्वीच्या मागून मान काढून म्हटलं, "छान." खरंच छान दिसत होती. ते मी आणखी जरा नीट म्हणायला हवं होतं.

मी म्हणणारही होतो, पण तेवढ्यात शेजारच्या चकचकीत भाजीच्या दुकानातून एक बाई माझ्याकडे आल्या, गळ्यातल्या माळेतला एक कांदा चाचपला आणि म्हणाल्या, "भैया, ये कैसे दिया?"

मी हायस्कूलचा शिक्षक आहे. माझे विद्यार्थी मोठमोठ्या जहाजांवर आहेत. मी तिथून ताडताड निघालो. निघालो तो थेट त्या भाजीच्या दुकानाच्या दारावरून, आणि तिथे टोपलीवर अगदी असल्याच माळा टांगलेल्या, वर पाटी: 'अलिबागचा पांढरा कांदा'. दुकानातला टाय लावलेला मुलगा धावत आला. "सर, बिल?"

"कसलं बिल? हे कांदे माझे आहेत."

"सर, सेम आमचेच आहेत."

"असणारच! एकाच मातीतले आहेत!"

हे विधान भूगोलाच्या दृष्टीने अचूक होतं, पण माझ्या बचावाच्या दृष्टीने ते वाईट ठरलं. मॅनेजर आला, पहारेकरी आला, लोक जमले. कोणीतरी मोबाईल काढला. शेवटी मृणालीने हिरामणला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. हिरामण कुठल्यातरी माडाच्या शेंड्यावर होता. "कोन बोलतंय?" तो तिथून ओरडला. "आरं, कांदं माजं हायेत! माज्या बायकोनं इनलेत! गुरुजींना सोडा, त्यांची तब्येत बरी न्हाय!"

त्या शेवटच्या वाक्याने आम्ही सुटलो. मॅनेजरने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. बाहेर येऊन टॅक्सीत बसल्यावर मृणालीचा हात सहज खांद्याकडे गेला आणि तसाच राहिला. ओढणी तिथेच काउंटरवर राहिली होती. सूर्य खाली जायला लागला होता आणि गच्चीवरचं टेबल वाट बघत होतं. "राहू दे," ती म्हणाली. "गच्ची तरी गाठू."

गच्चीचं हॉटेल बाहेरूनच इतकं उंच होतं की मी कांद्याच्या माळा गळ्यातून काढून पिशवीत घातल्या. खाली काळ्या कोटातला एक तरुण उभा होता. त्याने यादीत नाव बघितलं, हसला, मग त्याची नजर खाली खाली गेली आणि माझ्या पायांवर थांबली.

"सॉरी सर. जेंट्सना सँडल चालत नाहीत. बंद शूज लागतात."

बोटीतून उतरताना पाय भिजतात, वाळू शिरते. मांडव्याहून मुंबईला सँडल घालूनच जायचं असतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. मी त्याला ते समजावून सांगितलं. भरती-ओहोटीही थोडी सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम जाऊ शकतात. लेडीजना चालतं."

"जा तू," मी म्हटलं. "मी इथे पृथ्वी सांभाळत बसतो. सूर्यास्त बघून ये."

मृणाली लिफ्टपर्यंत गेली. लिफ्टचं दार उघडलं. आतून गाण्याचा आवाज आला, गार वारा आला, चमचमत्या कपड्यांतल्या दोन पोरी हसत बाहेर आल्या. ती तिथे उभी राहून वर लागलेला आकडा बघत होती. दार पुन्हा मिटलं आणि ती परत आली.

"एकटीने काय बघायचं?" ती म्हणाली.

आम्ही पायरीवर बसलो. ती रडत नव्हती. तिने नुसता मिक्सर मांडीवर घेतला होता आणि समोरच्या दिव्यांकडे ती बघतही नव्हती. मला ते फार लागलं. इतकी वर्षं लांबून बघितलेला तो उजेड आता डोक्यावर होता आणि माझ्या बायकोला त्यात घ्यायला कोणी तयार नव्हतं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण माझ्याकडे धूलिकणांखेरीज काही नव्हतं.

"चला," ती उठली. "गोदूआत्यांचा डबा देऊ आणि झोपू. उद्या सकाळच्या बोटीने घरी."

गोदूआत्या गिरगावात जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगा-सून कामावरून उशिरा येतात. दार त्यांनीच उघडलं. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा, तात्यांचंच नाक. त्यांनी आमच्याकडचं सगळं सामान बघितलं, डबा ओळखला, हातात घेतला आणि मग त्यांनी जे विचारलं ते चौल सोडल्यापासून आम्हाला कोणीच विचारलं नव्हतं.

"मग? काय काय मजा केलीत?"

मृणालीचा बांध फुटला. दारातच उभी राहून तिने सगळं सांगितलं. मिक्सर, मेहुणा, ओढणी. 'भैया, ये कैसे दिया'ला गोदूआत्या दाराची चौकट धरून हसल्या. हिरामणच्या वाक्याला त्यांना ठसका लागला. पण लिफ्टपाशी आल्यावर त्या हसायच्या थांबल्या.

"हे खोकं कसलं?" त्यांनी विचारलं. मी पृथ्वी काढून दाखवली. त्यांनी ती हळूच फिरवली. "यात चौल कुठाय?"

"दिसत नाही, आत्या. हा बघा मुंबईचा ठिपका. चौल त्याच्याखालीच झाकलं गेलंय."

"म्हणजे मी आणि तात्या एकाच ठिपक्यात?"

"हो."

"मग एवढं लांब कसं रे?" असं म्हणून त्यांनी पृथ्वी कॉटवर ठेवली, खुंटीवरची बरी साडी काढली आणि म्हणाल्या, "सामान सगळं इथंच टाका. चला."

"कुठे?"

"चौपाटीवर. दिवे लागलेत. इथून हाकेवर आहे, पण मला कोण नेतंय? मुलगा म्हणतो, 'आई, तुझं काय काम चौपाटीवर?' लग्न ठरलं तेव्हा चौलच्या सगळ्या पोरी माझ्यावर जळत होत्या. आम्ही वाळूवर उभ्या राहून तो उजेड बघायचो ना. मला वाटायचं, आता रोज त्यात हिंडायला मिळणार. मग आयुष्यभर नळ, डबे, सासऱ्यांची औषधं. मुंबई बघितली ती ह्या गॅलरीच्या गजांतून. तू एकटीच नाहीस गं, बाळ."

आणि आम्ही निघालो. कोणाच्याच हातात काही नव्हतं. मला सकाळपासून ओझ्याची इतकी सवय झाली होती की हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी ते मागे बांधले, पुढे घेतले, शेवटी खिशात घातले. मृणालीने मात्र ते सोडून दिले. ती हात हलवत चालत होती, मनगट मधूनच नाकाशी नेत होती. अत्तर अजून होतं.

कोपऱ्यावर काचेचं एक नवं हॉटेल होतं. "हे मला गॅलरीतून रोज दिसतं," गोदूआत्या म्हणाल्या. "आत बसून माणसं काड्यांनी काय खातात ते मला बघायचंय." तिथे माझ्या पायांकडे कोणी पाहिलं नाही. मृणालीने कार्डावरचं तिला अजिबात वाचता न येणारं नाव निवडून त्यावर बोट ठेवलं. मोठ्या वाडग्यात गरम पाण्यात पोहणाऱ्या शेवया आल्या, वर अर्धं अंडं. आत्यांनी अंडं माझ्याकडे सरकवलं, काड्या बाजूला ठेवल्या आणि चमच्याने एक घास घेऊन निकाल दिला, "आपल्या शिरवळ्या आहेत. नारळाचा रस विसरलेत." मृणालीला हसू आवरेना. तिच्या हनुवटीवरून शेवई लोंबत होती आणि शेजारच्या टेबलावरची कॉलेजातली पोरं बघत होती. मला त्याचं काही वाटलं नाही, ही गोष्टसुद्धा नोंदवून ठेवतो.

मग आम्ही समुद्राकडे तोंड करून कठड्यावर बसलो. दिव्यांची ती सगळी रांग वळत वळत लांब गेली होती. मुलं फुगे उडवत होती, जोडपी बसली होती, कोणीतरी उगाच गात होतं. मृणाली म्हणाली, "एवढे दिवे लावून माणसं काय करतात ते कळलं."

"काय करतात?"

"काही नाही. बसतात."

गोदूआत्यांनी थोड्या वेळाने विचारलं, "चौल कुठल्या बाजूला रे, जीवन?"

मी डाव्या हाताला, उंच इमारतींच्या पलीकडे, दक्षिणेकडे बोट दाखवलं. त्या तिकडे बघत राहिल्या. तिकडचं आभाळ काळं होतं.

"इथून तिकडचं काहीच दिसत नाही?"

"नाही, आत्या." त्याचं कारण मला ठाऊक होतं. मी ते सांगितलं नाही.

"तात्या जातो का रे अजून वाळूवर संध्याकाळचा?"

"रोज जातात."

"आणि तोंड कुठे करून बसतो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. मी त्या माणसाला मावळतीची दिशा शिकवली होती. मृणालीने माझ्याकडे बघितलं आणि तिनेच सांगितलं, "उत्तरेला बसतात, आत्या. इकडे बघत."

गोदूआत्यांनी मृणालीचा हात धरला आणि उठायची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

सकाळी निघताना त्यांनी डबा आणून मृणालीच्या हातात दिला. तो हाताला हलका लागला म्हणून तिने झाकण उघडलं. आत घासून लख्ख केलेला तळ होता. साखरेचा दाणासुद्धा नव्हता. मृणाली गोंधळली. "आत्या, यात..."

"बरोबर आहे तो," त्या म्हणाल्या आणि तिच्या कानात निरोप सांगितला.

घरी पोचलो. वेणूबाई मिक्सर घ्यायला आल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी मृणालीला हळूच विचारलं, "झालं का काम?"

"झालं, वेणूबाई," मृणाली म्हणाली. "चांगलं झालं."

"मंग आता गुन हाय म्हना." त्यांनी देवाला हात जोडले. हिरामणचे कांदे आम्ही हिरामणलाच परत दिले आणि पृथ्वी शाळेच्या कपाटात गेली. रिकामा डबा परत द्यायचं मात्र आमच्या किती जिवावर येत होतं हे सांगायला नको. संध्याकाळी आम्ही दोघं तो घेऊन वाळूवर गेलो. तात्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिशेला तोंड करून बसले होते.

त्यांनी डबा हलवून पाहिला. मग उघडला. आत बोट फिरवलं.

"यात काही नाही?"

"नाही," मृणाली म्हणाली.

"रिकामा पाठवला? गोदूने?" त्यांचा चेहरा लाल झाला. "आमच्या घरातून आजवर कोणाचा डबा रिकामा गेला नाही! आईने हे शिकवलं तिला? एवढं काय केलं मी तिचं?"

"तात्या, त्यांचा निरोप आहे. त्या म्हणाल्या, आता डबा पाठवू नकोस आणि मीही भरून पाठवणार नाही. चकल्या हव्या असतील तर येऊन खाऊन जा. आणि म्हणाल्या, त्याला सांग, काम काढून येऊ नको."

सूर्य बुडाला, सगळा गाव उठून घरी गेला. उत्तरेला तो उजेड हळूहळू वर यायला लागला. मृणाली त्यांच्या शेजारी वाळूत बसली. मी मागे उभा होतो. तात्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "जीवन, मांडव्याहून सकाळची पहिली बोट कधी असते?"

आणि इतकं सगळं होऊनही, सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलंच, "का? काय काम काढलंत?"

"काम कसलं," तात्या म्हणाले. "उगाच. हात हलवत जाईन म्हणतो."